छोट्या रीफ टँकला सम्प लावायचा का? आधी हे हिशोब करून बघा

छोटा रीफ टँक (खाऱ्या पाण्यातला कोरलचा टँक) जरा स्थिरावला, झोआ नाहीतर मशरूम कोरल पसरायला लागले की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो, आता सम्प (टँकखाली ठेवायची जोडटाकी) लावू का. आणि उत्तरंही ठरलेलीच मिळतात, एक गट म्हणतो सम्पशिवाय रीफ नाहीच आणि दुसरा म्हणतो नॅनो म्हणजे एवढ्याशा टँकला कशाला उगाच व्याप. दोघांचंही खरं आहे पण वेगवेगळ्या टँकसाठी. छोटा म्हणजे इथे मी साधारण ३० ते १५० लिटरपर्यंतचा टँक धरतोय आणि तुमच्या टँकचं उत्तर काढायचं कसं तेवढंच सांगतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. टँकमध्ये नेमकं काय खटकतंय ते आधी कागदावर लिहा, आणि ते सम्पने सुटतंय का ते बघा. "सगळे लावतात" हे कारण नाही, आणि "पाणी वाढेल" हेही वाटतं तेवढं मोठं कारण नाही, त्यावर पुढे बोलू.

सम्प म्हणजे काय ते पटकन. टँकच्या वरच्या कडेशी ओव्हरफ्लो असतो, त्यावरून पाणी सांडतं, पाइपातून आपल्या आपण खालच्या टाकीत येतं, तिथल्या कप्प्यांतून फिरतं आणि शेवटच्या कप्प्यातला रिटर्न पंप ते परत वर फेकतो. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा की पंप फक्त वर ढकलायला असतो, खाली पाणी आपोआप येतं, जेवढं वर गेलं तेवढंच खाली. कुणीतरी अधूनमधून आयडिया काढतंच की भोक नको पाडायला, खाली आणायलाही एक पंप लावू. नका लावू. दोन पंप कधीच तंतोतंत सारखं पाणी फेकत नाहीत, थोडा जरी फरक असला तरी एक टाकी हळूहळू रिकामी होणार आणि दुसरी जमिनीवर.

खरा फायदा कुठे आहे

पहिला फायदा जागेचा. ४५ सेंमीच्या टँकमध्ये हीटर, थर्मामीटरची वायर, एटीओचा (उडालेल्या पाण्याच्या जागी आपोआप गोडं पाणी भरणाऱ्या यंत्राचा) सेन्सर, कार्बनची पिशवी, स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) एवढं सगळं ठेवलं की कोरल कमी आणि सामान जास्त दिसतं. हे सगळं खाली जातं, वर फक्त पाणी हलवणारा एखादा वेव्हमेकर राहतो.

दुसरा फायदा पाण्याच्या पातळीचा. ओव्हरफ्लो असला की वरच्या टँकची पातळी ओव्हरफ्लोच्या दातेरी कडेच्या, म्हणजे कंगव्याच्या, उंचीवर बांधलेली राहते, पाणी वाफ होऊन उडालं तर ते फक्त खाली रिटर्नच्या कप्प्यात कमी झालेलं दिसतं. मागे लटकवलेला फिल्टर पाणी कमी झालं की खळखळायला लागतो, स्किमर तर पातळी जरा इकडेतिकडे झाली की कधी उतू जातो कधी कोरडा पडतो, ती कटकट सम्पात संपते कारण स्किमरच्या कप्प्यातली पातळी बॅफलने (कप्प्यांमधल्या काचेच्या पडदीने) ठरवलेली असते.

तिसरा, आणि हा लोक विसरतात, पृष्ठभागावरचा तवंग. लाईट बंद करून मोबाईलचा टॉर्च तिरका मारा आणि काचेच्या बाजूने पाण्याकडे बघा. तेलकट, किंचित रंगीत अशी साय दिसली, तिच्यावर धुळीचे कण न बुडता बसलेले दिसले तर समजा वरून पाणी ओढलंच जात नाहीये. या सायीमुळे हवा आणि पाणी यांच्यातली वायूंची देवाणघेवाण मंदावते, लाईटही थोडा अडतो. ओव्हरफ्लो पहिलं काम हेच करतो, वरचा थर ओढून खाली नेतो. पण लगेच सम्पकडे पळू नका, एक छोटा सरफेस स्किमर किंवा वेव्हमेकरचं तोंड जरा वर करून पाण्याला लाटा आणल्या तरी बऱ्याचदा साय जाते.

चौथा, मोठा स्किमर बसतो. मासे जास्त असतील, खायला घालताना हात सैल असेल तर याचा उपयोग आहे. पण ५० लिटरमध्ये एक जोडी क्लाउनफिश आणि एखादा गोबी असेल तर जोरदार स्किमरने नायट्रेट-फॉस्फेट पार शून्यावर जाऊ शकतं, आणि शून्य चांगलं वाटत असलं तरी तसं नाहीये, कोरल फिके पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट्सना (एका उपद्रवी सूक्ष्मजीवाला) रान मोकळं मिळतं. तपकिरी, बुडबुडे धरून बसलेला चिकट शेंबडासारखा थर ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

रेफ्युजियमबद्दल मी जरा खडूस आहे. सम्पच्या कोपऱ्यात ५-६ लिटरचा कप्पा करून मूठभर कीटोमॉर्फा शेवाळ टाकलं (यालाच रेफ्युजियम म्हणतात) तर कोपेपॉड्सना (बारीक कवचधारी जिवांना) लपायला जागा मिळते, बघायलाही मजा येते, पण त्याने नायट्रेट उतरेल म्हणून सम्प लावत असाल तर थांबा. शेवाळ जेवढं वाढतं आणि जेवढं तुम्ही काढून टाकता तेवढंच पोषण पाण्यातून बाहेर जातं. छोट्या सम्पात तीन कप्पे कोंबण्यापेक्षा तीच जागा रिटर्नच्या कप्प्याला द्या, पुढे कळेल का.

पाणी वाढण्याचा हिशोब

समजा टँकमध्ये ४० लिटर पाणी आहे, सॅलिनिटी (खारटपणा) ३५, म्हणजे किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ. एक लिटर पाणी उडालं, मीठ तिथेच राहिलं, सॅलिनिटी झाली ३५.९. आता खाली सम्प लावून एकूण ८० लिटर केलं आणि तेवढंच एक लिटर उडालं तर ती होते ३५.४. म्हणजे चढउतार निम्मा. तापमानाचंही तसंच, कोरलसाठी घालतात त्या अल्कलिनिटीचा डोस चुकून जास्त पडला तरी धक्का निम्मा. इथपर्यंत सगळं बरोबर आहे. फक्त सम्पची टाकी उघडी असते आणि वरून पाणी पडत असतं त्यामुळे उडणारं पाणीही वाढतं, तो फायदा थोडा कमी धरा.

पण कचऱ्याचं गणित वेगळं आहे आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. मासे रोज ठरावीक घाण करतात, पाणी वाढवल्याने ती घाण कमी होत नाही, पसरते. पहिले काही आठवडे नायट्रेट कमी दिसतं, लोक खूश होतात, मग ते हळूहळू चढत जातं आणि कुठे थांबतं हे ठरतं तुम्ही आठवड्याला किती लिटर पाणी बाहेर काढता त्यावर, एकूण पाणी किती आहे त्यावर नाही. ४० लिटरमध्ये आठवड्याला ६ लिटर बदलत होतात तर ८० लिटरमध्येही ६ लिटर बदलून नायट्रेट सरतेशेवटी जवळपास त्याच जागी येऊन बसेल. म्हणून जास्तीचं पाणी तुम्हाला वेळ देतं, चूक झाली तर सावरायला अवकाश देतं, पण साफसफाई करत नाही. साफसफाई स्किमर, कार्बन, शेवाळ किंवा बादली करते.

आणि ४० लिटरच्या टँकला बादली इतकी सोपी आहे की विचारू नका. १५ टक्के म्हणजे ६ लिटर, मीठ कालवण्यापासून नळी आवरण्यापर्यंत अर्ध्या तासात उरकतं. याच कारणाने ६० लिटरच्या आतल्या टँकला मी सहसा सम्प लावू नका म्हणतो. ऑल इन वन टँक (मागे फिल्टरचे कप्पे आधीच असलेला) असेल तर मागच्या कप्प्यांना मी अर्धा सम्पच समजतो, तिथे हीटर बसतो, फिल्टर फ्लॉस (गाळायचा कापूस) बसतो, वरून पाणी ओढलं जातं, पातळी मागेच कमीजास्त होते आणि एटीओचा सेन्सरही शेवटच्या कप्प्यात छान बसतो. पाण्याची मात्रा सोडली तर सम्पची बहुतेक कामं तिथेच होतात, आणि खाली पाइप नाही म्हणजे गळायची भीतीही कमी. साधा टँक असेल तर मागे लटकवायचा फिल्टर आणि एक एटीओ एवढ्यावरही मऊ कोरल, युफिलिया, मशरूम मजेत राहतात.

आता अडचणी

समजा कागदावर लिहिलेलं कारण खरंच सम्पचं निघालं. मग तीन गोष्टी तपासायच्या: काच, स्टँड आणि पूर.

काच. ओव्हरफ्लोसाठी भोक पाडायचं असेल तर काच टफन्ड नको, टफन्ड काचेला ड्रिल लागला की ती पूर्ण चुरा होते, त्यात दुरुस्ती वगैरे काही नसतं. ओळखायला सोपी युक्ती आहे, लॅपटॉपची एलसीडी स्क्रीन पूर्ण पांढरी करून काचेच्या मागे धरा आणि पोलराइज्ड गॉगल लावून, डोकं थोडं तिरकं करत बघा, काचेत काळपट डाग किंवा रंगीत पट्टे उमटले तर ती टफन्ड आहे. बऱ्याच टँकचा फक्त तळ टफन्ड असतो आणि बाजू साध्या, त्यामुळे प्रत्येक काच वेगळी तपासा, आणि बनवणाऱ्याची माहिती मिळत असेल तर ती आधी. भोक पाडताना डायमंडचा होल कटर, कमी वेग, सतत पाणी आणि दाब जवळजवळ नाहीच, भोकाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत निदान भोकाच्या व्यासाइतकं अंतर. पाणी भरलेल्या चालू टँकला भोक पाडायचे व्हिडिओ दिसतात तुम्हाला, बघून सोडून द्या.

भोक नको असेल तर सायफनवर चालणारा लटकवायचा ओव्हरफ्लो मिळतो. तो चालतो, पण यू नळीत हळूहळू हवा साठते आणि एखाद्या दिवशी सायफन तुटतो, किंवा लाईट जाऊन आली की परत सुरूच होत नाही. पंपाला याचा पत्ता नसतो, तो आपला वर ढकलत राहतो. दिवसभर घर बंद असणाऱ्याने तर याच्या वाटेला जाऊच नये.

स्टँड. ३५ लिटरचा सम्प म्हणजे काच धरून ४० किलोच्या वर वजन कॅबिनेटच्या तळाच्या फळीवर येणार, ती फळी त्यासाठी केलेली असते का बघा. मग आतली मापं घ्या, बाहेरची नाही. स्किमर ४० सेंमी उंच असेल तर त्याचा कप वर उचलून काढायला आणखी १०-१५ सेंमी लागतात, ते नसतील तर दर वेळी कप साफ करायला अख्खा स्किमर तिरका करून काढावा लागेल आणि मग तुम्ही कप साफ करणंच टाळाल. सम्प दारातून आतबाहेर होतो का हेही बघा, टँक भरल्यावर सम्प काढता येत नाही अशी रचना म्हणजे पहिल्या गळतीला सगळं मोडायची तयारी.

पूर, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं. यात दोन वेगळे अपघात आहेत, दोन्हीचं गणित वेगळं करायचं.

पहिला अपघात, लाईट गेली. पंप थांबला की वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या पातळीपर्यंत खाली येतं, शिवाय रिटर्नची तोटी पाण्यात जेवढी बुडालीये तिथपर्यंतचं पाणी उलट्या सायफनने येतं. टँक ६० बाय ४० सेंमी असेल तर १ सेंमी पाणी म्हणजे २.४ लिटर. तोटी ३ सेंमी खाली असेल तर ७.२ लिटर झाले, ओव्हरफ्लोच्या डब्यातले आणि पाइपातले मिळून अडीच-तीन लिटर धरा, म्हणजे सगळं मिळून १० लिटर खाली येणार. सम्प ४५ बाय ३० असेल तर त्यात १ सेंमी म्हणजे १.३५ लिटर, १० लिटरला साडेसात सेंमी लागले. म्हणून बॅफलच्या वर कडेपर्यंत १० सेंमी तरी मोकळे पाहिजेत. तोटी वर घ्या, पृष्ठभागाच्या जेमतेम खाली, म्हणजे हा आकडाच कमी होतो. चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) लावा हवं तर, पण त्याच्या भरवशावर राहू नका, आत चुन्याचा थर बसतो, गोगलगायीचं पिल्लू अडकतं, आणि नेमका त्याच दिवशी तो बंद होत नाही.

दुसरा अपघात, खाली येणारा पाइप तुंबला. आता पंप रिटर्नच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर चढवणार, कोरडा पडेपर्यंत. कप्पा १५ बाय ३० चा आणि त्यात पंपाच्या तोंडापर्यंत १२ सेंमी पाणी असेल तर ५.४ लिटर, वरच्या टँकमध्ये ते सव्वादोन सेंमी चढतं. वर अडीच-तीन सेंमी मोकळे असतील तर वाचलात. बिनफ्रेमच्या नॅनो टँकमध्ये लोक पाणी काठोकाठ ठेवतात कारण छान दिसतं, तिथे हे गणित फसतं. आणि हे इथे संपत नाही हो, रिटर्नचा कप्पा रिकामा झालेला बघून एटीओला वाटतं पाणी उडालंय, तो गोडं पाणी सोडायला लागतो आणि तेही पंप वर नेतो. म्हणजे एटीओची टाकी १० लिटरची असेल तर ५.४ मध्ये ते १० पण मिळवा, वर साडेसहा सेंमी लागतील. तेवढी जागा कुठल्याच छोट्या टँकमध्ये नसते. उपाय दोन, एटीओ असा घ्या जो ठरावीक वेळेच्या वर चालला तर स्वतः बंद पडतो, आणि त्याची टाकी लहान ठेवा. लहान टाकीचा दुसरा फायदाही आहे, सेन्सर अडकला आणि ७५ लिटरच्या सिस्टममध्ये १० लिटर गोडं पाणी गेलं तर सॅलिनिटी ३५ वरून ३१ च्या खाली जाते, ३ लिटर गेलं तर ३३.७ वर थांबते.

याउलट रिटर्नचा कप्पा फार चिंचोळा असेल तर एटीओ नसलेल्या दिवसांत पाणी भराभर खाली जाऊन पंप हवा ओढायला लागतो आणि टँकभर बारीक बुडबुडे होतात. वर म्हटलं ना जागा रिटर्नला द्या, ती यासाठी. पण जेवढा मोठा कप्पा तेवढं दुसऱ्या अपघातात जास्त पाणी वर, म्हणून आकडे मांडूनच मधला मार्ग काढायचा.

आवाज आणि पंप

टँक झोपायच्या खोलीत असेल तर आवाजाचा विचार आधी करा. एकच पाइप, ड्युर्सो पद्धतीचा, बसवायला सोपा पण त्यातून हवा आणि पाणी मिळून येतं, थोडं गुडगुडतंच. हर्बी पद्धतीत दोन पाइप असतात, एक पूर्ण पाण्याने भरलेला, खाली गेट व्हॉल्व्ह लावून नेमका जुळवलेला, आणि दुसरा कोरडा, फक्त आणीबाणीसाठी. नीट जुळला की पाण्याचा आवाज जवळजवळ येतच नाही आणि तुंबण्याच्या भीतीवरही दुसरा पाइप हाच उतारा आहे. बीन ॲनिमल म्हणजे तीन पाइपांची पद्धत, आणखी सुरक्षित, पण छोट्या टँकच्या मागे तीन पाइप बसवायला जागा कुठून आणणार. मी तरी हर्बी सांगेन. बॉल व्हॉल्व्ह मात्र नको, तो केसभर फिरवला की पाणी एकदम कमीजास्त होतं.

पंप फार मोठा घेऊ नका. सम्पातून तासाला टँकच्या ३ ते ५ पट पाणी फिरलं तरी पुरे, ९० लिटरला २७० ते ४५० लिटर. कोरलना लागणारा प्रवाह वेव्हमेकर देतो, ते रिटर्नचं काम नाही. पण खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, एक मीटर वर चढवताना छोटे पंप खूप पाणी गमावतात, म्हणून कंपनीचा उंचीनुसारचा तक्ता बघूनच घ्या. आणि पाण्यात बुडालेला २० वॉटचा पंप ती सगळी उष्णता पाण्यालाच देतो, टँक आधीच २७-२८ अंशांवर जात असेल तर हेही मोजा.

मग ठरवायचं कसं

६० लिटरच्या आत, मऊ कोरल, दोन मासे: नको. ६० ते १०० लिटर: पातळी, तवंग, सामानाची गर्दी यातल्या किमान दोन गोष्टी खरंच त्रास देत असतील, काच भोक पाडण्यासारखी असेल आणि पुराचे दोन्ही आकडे बसत असतील तर हो, एक जरी आकडा बसत नसेल तर नाही. १०० लिटरच्या वर, त्यात अॅक्रोपोरासारखे कोरल आणि डोसिंग पंप (ठरावीक डोस आपोआप देणारा) डोक्यात असेल तर लावाच, पण टँक घेतानाच भोक पाडलेला घ्या. चालू टँकला सम्प जोडण्यापेक्षा नवा भोकाचा टँक मांडून त्यात जुने लाइव्ह रॉक हलवणं बहुतेक वेळा सोपं पडतं. बॅक्टेरिया मुख्यतः दगडांवर असतात, ते ओले राहिले तर नवीन सायकलची (बॅक्टेरिया पुन्हा वाढेपर्यंत थांबण्याची) भीती फारशी नाही, जुनी वाळू मात्र तशीच उचलून टाकू नका, तिच्यातली घाण उसळते.

ठरलंच तर पहिला दिवस साध्या पाण्यावर चालवा, मीठ नंतर. पंप चालू असताना रिटर्नच्या कप्प्यावर पातळीची टेप चिकटवा आणि पंपाचा प्लग काढा. आधी ओव्हरफ्लोचा आवाज थांबेल, मग तोटीशी सुरसुर होऊन हवा आत ओढल्याचा घोट ऐकू येईल, त्यानंतर सम्पातलं पाणी चढायचं थांबलं पाहिजे, तिथे दुसरी टेप. ती कडेच्या जवळ आली असेल तर चालू पातळी खाली आणा. मग उलटी परीक्षा, एटीओ बंद ठेवून मुख्य पाइप हाताने बंद करा आणि कोरडा पाइप सगळं पाणी एकटा नेतो का बघा. सगळे प्लग सम्पच्या वर, बाजूच्या भिंतीला लावा, प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबती सोडा म्हणजे थेंब प्लगमध्ये न जाता खाली पडेल, आणि लाईनवर आरसीसीबी (विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच) असलाच पाहिजे, खारं पाणी आणि वीज यात हलगर्जी चालत नाही.

पहिले काही दिवस बारीक बुडबुडे दिसतील, स्किमरही आठवडा-दोन आठवडे वेड्यासारखा वागेल, लगेच व्हॉल्व्ह पिळत बसू नका. फिल्टर सॉक (गाळायची पिशवी) लावलात तर तीन-चार दिवसांनी बदला, त्यात अडकलेलं अन्न तिथेच कुजत राहिलं तर ते परत पाण्यातच येणार. आणि रिटर्नच्या पाइपाला पाण्याच्या पातळीलगत सायफन तोडणारं बारीक भोक पाडलं असेल तर महिन्यातून एकदा त्यात टूथपिक घाला, शेवाळाने आणि कोरलाइनने (चुन्यासारख्या कडक शेवाळाने) ते बुजतं, आणि प्लग काढायची परीक्षाही त्याच दिवशी परत घ्या.